जोडी जमली, आता फळी हवी

क्रीडाक्षेत्रातील काही विजयांचा आनंद तत्काळ मिळतो, अर्थ मात्र उलगडायला वर्षे जावी लागतात. १५ मे २०२२ रोजी बँकॉक येथे भारताच्या पुरुष बॅडमिंटन संघाने इंडोनेशियाला ३-० असे नमवून थॉमस चषक जिंकला, तो अशा विजयांपैकी एक होय. १९४९ पासून खेळल्या जाणाऱ्या या स्पर्धेच्या चषकावर तोवर केवळ पाच देशांची नावे कोरली गेली होती : मलेशिया, इंडोनेशिया, चीन, जपान आणि डेन्मार्क. त्यांतील इंडोनेशियाने तर तो चौदा वेळा जिंकला होता. अशा बलाढ्य संघाला एकही सामना जिंकू न देता भारत या मालिकेतील सहावा देश ठरला. १९८३ च्या क्रिकेट विश्वचषकाशी या विजयाची तुलना झाली आणि ती अनाठायी नव्हती.

जल्लोष ओसरल्यावर विचाराला अवसर मिळतो. बँकॉकचा विजय ही एका गुणी पिढीने साधलेली किमया होती, की भारतीय बॅडमिंटनमध्ये नव्या परंपरेचा तो प्रारंभ होता? या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देण्यापेक्षा आपल्या राष्ट्रीय संघाची आजवरची कामगिरी डोळसपणे तपासून दिलेले बरे. ती तपासू लागलो की एक गोष्ट पुन:पुन्हा समोर येते. या देशाने एकेरीचे थोर खेळाडू घडवले. परंतु दुहेरीचा खेळ आणि त्यासाठी लागणारी दुसरी फळी यांकडे आपण पिढ्यान्‌पिढ्या दुर्लक्ष केले. जिथे ती उणीव अंशत: भरून निघाली, तिथे संघ जिंकला, जिथे ती उघडी पडली, तिथे हातातोंडाशी आलेला घास गेला.

एकांड्या शिलेदारांचा इतिहास

बॅडमिंटन हा आपल्यासाठी परका खेळ नाही. त्याचे आरंभीचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांनी बांधले, असे सांगितले जाते. एके काळी हा खेळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई. क्रिकेटमहर्षी प्रा. दि. ब. देवधर यांच्या कन्यांनी, तारा, सुंदर आणि सुमन या भगिनींनी, १९४० च्या दशकात महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धांवर आपली छाप उमटवली. मुलींनी मैदानात उतरावे की नाही याचीच चर्चा घराघरांत चालू असतानाचा तो काळ. पुढे सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर १९५४ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचले आणि १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगर स्पर्धा जिंकून आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनमधील पहिला मान त्यांचाच होता.

नाटेकरांनंतरही ही नामावली खंडित झाली नाही. १९६५ मध्ये लखनऊला दिनेश खन्ना आशियाई विजेते झाले. १९८० मध्ये प्रकाश पदुकोण यांनी आणि २००१ मध्ये पुल्लेला गोपीचंद यांनी ऑल इंग्लंड जिंकली. सायना नेहवालने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले, पी. व्ही. सिंधूने २०१६ मध्ये रिओत रौप्य, २०२१ मध्ये टोकियोत कांस्य आणि त्याआधी २०१९ मध्ये जागतिक सुवर्ण पटकावले. कोणत्याही देशाला अभिमान वाटावा अशीच ही परंपरा आहे. परंतु तिच्यातील जवळजवळ प्रत्येक नाव हे एकांड्या शिलेदाराचे नाव आहे. प्रत्येकाने आपली वाट स्वत: खणली, मागून येणाऱ्यासाठी राजमार्ग तयार झाला नाही.

या काळातील संघाचे चित्र वेगळे होते. थॉमस चषकात भारत १९५२, १९५५ आणि १९७९ मध्ये उपान्त्य टप्प्यापर्यंत पोहोचला, पण त्यापुढचे दार उघडले नाही. याचे एक कारण त्या काळच्या स्पर्धेच्या रचनेतच आहे. १९८२ पर्यंत एका लढतीत नऊ सामने असत. त्यांतील पाच एकेरीचे आणि चार दुहेरीचे. म्हणजे एकेरीत तोडीस तोड असलेला संघही दुहेरीत दुबळा असेल, तर त्याचा निभाव लागणे कठीण. नाटेकरांची आकडेवारी या दृष्टीने बोलकी आहे. १९५१ ते १९६३ या काळात थॉमस चषकात एकेरीचे सोळा सामने खेळून त्यांनी बारा जिंकले. दुहेरीच्याही सोळा सामन्यांत ते उतरले, तेव्हा विजय आठच मिळाले. तोच खेळाडू, तेच कौशल्य. परंतु दुहेरीत एकट्याच्या कर्तृत्वाला मर्यादा पडते. एका हाताने टाळी वाजत नाही, हे दुहेरीच्या मैदानात अक्षरश: खरे असते.

बँकॉकचा हिशेब

आता २०२२ च्या विजयाकडे पाहू. १९८४ पासून थॉमस चषकाच्या लढतीत पाच सामने असतात. तीन एकेरीचे, दोन दुहेरीचे. उपान्त्यपूर्व फेरीत भारताची गाठ मलेशियाशी पडली. पहिल्या सामन्यात लक्ष्य सेन हरला. सात्विकसाईराज रंकिरेड्डी आणि चिराग शेट्टी या जोडीने बरोबरी साधून दिली. किदाम्बी श्रीकांतने आघाडी मिळवली. दुसरी दुहेरी हातची गेली आणि २-२ अशा अवस्थेत एच. एस. प्रणॉयने निर्णायक सामना जिंकला. उपान्त्य फेरीत डेन्मार्कविरुद्ध हाच क्रम जसाच्या तसा घडला. लक्ष्यची हार, सात्विक-चिरागचा विजय, श्रीकांतचा विजय, दुसऱ्या जोडीची हार आणि शेवटी पुन्हा प्रणॉय. या सामन्यात त्याचा पाय घसरला, घोटा दुखावला, पहिला डाव गेला. तरीही पुढचे दोन्ही डाव २१-९, २१-१२ असे जिंकून त्याने भारताला प्रथमच अंतिम फेरीत नेले.

अंतिम लढतीत लक्ष्य सेनने पहिला डाव ८-२१ असा गमावूनही अँथनी गिंटिंगला हरवले. पाठोपाठ सात्विक-चिरागने मोहम्मद एहसान आणि केविन सुकामुल्जो या नामांकित जोडीविरुद्ध चार ‘मॅच पॉइंट’ परतवून १८-२१, २३-२१, २१-१९ असा विजय खेचून आणला. श्रीकांतने जोनाथन क्रिस्टीला सरळ दोन डावांत नमवून चषकावर शिक्कामोर्तब केले. बाद फेरीच्या तीनही लढतींत दुहेरीचा एक गुण हमखास मिळाला, हा या विजयाचा कणा होता. त्याआधीच्या कोणत्याही भारतीय संघाला असा भरवसा लाभला नव्हता.

ही जोडी आभाळातून पडलेली नाही. सात्विक आंध्रातील अमलापुरमचा, चिराग मुंबईचा. उदय पवार यांच्यासारख्या जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्याच्या खेळाला वळण लागले. मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर यांनी २०१६ च्या सुमारास या दोन उंच, मागून जोरकस फटके मारणाऱ्या मुलांना एकत्र आणले. दोघेही मागच्या बाजूने खेळणारे, तर जाळ्याजवळ कोण उभे राहणार, हा प्रश्न होता. भाषा वेगळी, सवयी वेगळ्या. पुढे डेन्मार्कचे माजी दुहेरीपटू मथियास बो यांनी या जोडीवर मेहनत घेतली. परिणाम सर्वांसमोर आहे. २०२३ मध्ये ही जोडी आशियाई विजेती झाली. दिनेश खन्ना यांच्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी भारताला ते सुवर्ण मिळाले. त्याच वर्षी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने बॅडमिंटनमधले देशाचे पहिले सुवर्णपदक पटकावले आणि जागतिक क्रमवारीत पहिले स्थानही मिळवले. एक जोडी घडवायला सहा-सात वर्षांची तपश्चर्या लागते, हा यातला धडा आहे.

या संघाविषयी आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. लक्ष्य उत्तराखंडातील अल्मोड्याचा, प्रणॉय तिरुवनंतपुरमचा, श्रीकांत गुंटूरचा, प्रियांशू राजावत मध्य प्रदेशातील धारचा, ध्रुव कपिला पंजाबचा. एरवी वर्षभर हे खेळाडू वैयक्तिक स्पर्धांत परस्परांविरुद्ध उभे ठाकतात. एकाचे गुण म्हणजे दुसऱ्याची घसरण. विजेत्या संघासाठी रोख पारितोषिक नसलेल्या त्या स्पर्धेत हेच प्रतिस्पर्धी आठवडाभर एकमेकांसाठी कोर्टच्या कडेला बसून घसा बसेपर्यंत ओरडत होते. राष्ट्र हा शब्द अशा वेळी व्याख्येविना कळतो.

दुसऱ्या फळीची कसोटी

तथापि, बँकॉकच्या हिशेबातच एक इशारा दडला होता आणि विजयाच्या आनंदात त्याकडे लक्ष गेले नाही. मलेशिया आणि डेन्मार्क या दोन्ही लढतींत आपली दुसरी जोडी पराभूत झाली होती. तेव्हा प्रणॉयने ती उणीव झाकली. प्रत्येक वेळी ती झाकली जाईलच, असे नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोऊला ते दिसून आले. आशियाई क्रीडा स्पर्धेच्या सांघिक अंतिम लढतीत यजमान चीनविरुद्ध लक्ष्यने आणि सात्विक-चिरागने पहिले दोन्ही सामने जिंकले. सुवर्णपदक एका विजयावर आले. पाठदुखीमुळे प्रणॉय मात्र खेळू शकत नव्हता. पुढचे तीनही सामने चीनने जिंकले आणि आपल्याला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. आशियाई स्पर्धेतील पुरुष संघाची ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी होती, कारण १९७४, १९८२ आणि १९८६ मध्ये कांस्यच मिळाले होते. म्हणून त्या रौप्याचे मोल कमी लेखू नये. परंतु एक खेळाडू आजारी पडताच संघाचा तोल जातो आणि चीनचा मात्र जात नाही, यातला फरक समजून घेतला पाहिजे. पुढे २०२४ मध्ये चेंगदू येथे थॉमस चषक राखण्यासाठी उतरलेला भारतीय संघ उपान्त्यपूर्व फेरीतच चीनकडून १-३ असा हरला. त्या दिवशी पहिली जोडीही हरली आणि दुसरी जोडीही. एकटा लक्ष्य जिंकला.

सुदिरमन चषकाची कथा याहून बोलकी आहे. १९८९ पासून होणाऱ्या या मिश्र सांघिक स्पर्धेत पाचपैकी तीन सामने दुहेरीचे असतात : पुरुष दुहेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी. या स्पर्धेत २०२५ पर्यंत भारताची मजल उपान्त्यपूर्व फेरीपलीकडे गेली नाही. तिथवरही २०११ आणि २०१७ असे दोनदाच पोहोचता आले. २०२५ मध्ये शियामेनला तर गटातूनच परतावे लागले. एकेरीतील दोन नामवंत खेळाडूंच्या बळावर असा चषक जिंकता येत नाही, हे साधे अंकगणित आहे.

यावर कोणी म्हणेल की, सांघिक चषकांचे एवढे काय? ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनचे सांघिक पदक नसते. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या पाच सुवर्णपदकांपैकी तीन दुहेरीची असतात. भारताला या खेळात मिळालेली तीनही ऑलिंपिक पदके महिला एकेरीतील आहेत. म्हणजे उपलब्ध पदकांच्या तीन-पंचमांश भागावर आपण अद्याप नावही नोंदवू शकलेलो नाही. २०२४ मध्ये पॅरिसहून भारतीय बॅडमिंटनपटू रिकाम्या हाताने परतले, तेव्हा खेळाडूंनी आता जबाबदारी घ्यावी, असे खुद्द प्रकाश पदुकोण यांना जाहीरपणे सांगावे लागले. त्यांचे म्हणणे योग्यच होते. खेळाडूंइतकीच ती जबाबदारी व्यवस्थेने आणि समाजानेही घेतली पाहिजे, एवढेच त्याला जोडावेसे वाटते.

मुलींनी दाखवलेली वाट

दुसरी फळी उभी राहिली तर काय घडू शकते, याचे उत्तर आपल्या मुलींनी दिले आहे. उबर चषकात भारतीय महिलांनी २०१४ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन कांस्यपदके मिळवली, त्यामागे सायना आणि सिंधू यांच्याबरोबर ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा या दुहेरीपटूंचा मोठा वाटा होता. याच जोडीने २०११ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकले होते. दुहेरीची उपेक्षा होते, अशी तक्रार ज्वालाने अनेकदा उघडपणे केली. तिच्या बोलण्यातील तिखटपणाची चर्चा झाली, तक्रारीतील तथ्याची फारशी झाली नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मलेशियातील शाह आलम येथे भारतीय महिला संघ प्रथमच आशियाई सांघिक विजेता ठरला. गटात चीन, उपान्त्य फेरीत जपान आणि अंतिम फेरीत थायलंड. तिघांवरही ३-२ असा विजय. या तीनही लढतींतील निर्णायक पाचवा सामना जिंकणारी मुलगी सिंधू नव्हती. ती होती फरिदाबादची सतरा वर्षांची अनमोल खरब, जागतिक क्रमवारीत तेव्हा चारशेच्याही पलीकडे असलेली. दुहेरीत त्रिसा जॉली आणि गायत्री गोपीचंद यांनी अंतिम लढतीत मोलाचा गुण मिळवला. त्यानंतर दोनच महिन्यांनी उबर चषकासाठी सिंधूविना आणि त्रिसा-गायत्रीविना गेलेला नवख्या मुलींचा संघही उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गुवाहाटीत झालेल्या जागतिक कनिष्ठ स्पर्धेत भारताने मिश्र सांघिक गटातील आपले पहिले पदक, कांस्यपदक, मिळवले. बीज चांगले आहे, जमीनही चांगली आहे. प्रश्न मशागतीचा आहे.

काय करावे लागेल?

आजवरच्या मशागतीचे श्रेय ज्यांचे त्यांना दिलेच पाहिजे. १९९४ मध्ये पदुकोण आणि विमल कुमार यांनी बंगळुरूत उभारलेली प्रबोधिनी, २००८ मध्ये गोपीचंद यांनी स्वत:चे घर गहाण टाकून हैदराबादेत उभे केलेले केंद्र, या दोन संस्थांनी भारतीय बॅडमिंटनला आजचे रूप दिले. ऑल इंग्लंड जिंकल्यावर शीतपेयाच्या जाहिरातीचा पैसा नाकारणारा खेळाडू पुढे शेकडो मुलांचा गुरू होतो, हा निव्वळ योगायोग नसतो. परंतु सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशाने दोन-तीन शहरांतील दोन-चार ध्येयवेड्या माणसांवर किती काळ विसंबून राहावे? डेन्मार्कची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे. तरीही २०१६ चा थॉमस चषक त्या देशाने जिंकला, कारण तेथे गावोगावच्या क्लबांतून मुले लहानपणापासून संघासाठी खेळतात आणि निवृत्त खेळाडू त्याच क्लबांत शिकवायला येतात.

आपल्याकडे पहिली गरज आहे ती दुहेरीच्या स्वतंत्र प्रशिक्षकांची, आणि तीही कनिष्ठ वयोगटापासून. एकेरीत मागे पडलेल्या मुलाला अठराव्या वर्षी दुहेरीत ढकलण्याची रीत सोडून दिली पाहिजे. विद्या परदेशी प्रशिक्षकाकडून घेण्यात कमीपणा नाही. परंतु त्याच्या शेजारी शिकण्यासाठी आपले दोन-तीन तरुण प्रशिक्षक उभे असले पाहिजेत, म्हणजे तो मायदेशी परतल्यावर पाटी कोरी होणार नाही. दुसरी गरज सांघिक स्पर्धांना प्रतिष्ठा देण्याची. राज्यांच्या पुरुष संघांसाठी रहिमतुल्ला चषक आणि महिलांसाठी चढ्ढा चषक या जुन्या स्पर्धा आपल्याकडे आहेत. त्यांच्या निकालाची बातमी आज कितीजण वाचतात? शाळा, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांवर एकेरीइतकेच महत्त्व दुहेरीला देणाऱ्या सांघिक स्पर्धा भरवल्या, तर चौदाव्या वर्षीच मुलाला कळेल की, आपला गुण आपल्या एकट्याचा नसतो.

तिसरी गोष्ट शासनाच्या किंवा संघटनेच्या हातात नाही, ती आपल्या घरात आहे. मध्यमवर्गीय पालक आज मुलांच्या खेळावर मोठा खर्च करतात. पिसांच्या फुलांचे भाव चढत आहेत आणि तासाभराच्या सरावात त्यांचा ढीग संपतो. शिवाय प्रशिक्षकाचे शुल्क, प्रवास, आहार. एवढे केल्यावर आपल्या मुलाचे एकट्याचे नाव झळकावे, ही अपेक्षा समजण्यासारखी आहे. पण याच घाईतून वयाचे खोटे दाखले जन्माला येतात, हा या खेळाला जडलेला जुना रोग आहे. याच घाईतून ‘दुहेरी खेळून काय मिळणार?’ असा प्रश्न विचारला जातो. सोळा वर्षांच्या मुलाला चौदाचा ठरवून मिळवलेला करंडक घराच्या कपाटात शोभतो, पण देशाच्या संघाला त्यातून खेळाडू मिळत नाही. जोडीदाराची चूक पोटात घालून पुढच्या फटक्यासाठी सज्ज होणे हा संस्कार आहे आणि तो कोर्टवर येण्यापूर्वी घरात व्हावा लागतो.

जोडीदारासाठी जागा सोडणे, त्याची बाजू सांभाळणे, त्याच्या विजयात आपला विजय पाहणे हे गुण आपल्या समाजाला अपरिचित नाहीत. दिंडीत, ढोलपथकात, कबड्डीच्या मैदानात ते रोज दिसतात. बॅडमिंटनच्या कोर्टवर ते अभावाने दिसले, कारण तेथे आपण कायम एकाच नायकाचा शोध घेत राहिलो. बँकॉकमध्ये दहा खेळाडूंच्या संघाने दाखवून दिले की, नायक अनेक असू शकतात आणि एकाच्या पराभवाची भरपाई दुसरा करू शकतो. यापुढील प्रत्येक थॉमस, उबर आणि सुदिरमन चषकाची बातमी वाचताना एकेरीच्या निकालावर थांबू नका; दुसऱ्या दुहेरीत कोण खेळले आणि किती गुणांनी हरले वा जिंकले, तेही आवर्जून पाहा. भारताची दुसरी जोडी ज्या दिवशी प्रतिस्पर्ध्याला तुल्यबळ वाटू लागेल, त्या दिवसापासून हा चषक आपल्याकडे पाहुणा म्हणून न येता मुक्कामाला येईल.